रात्रीच्या राखणीसाठी दुर्बीण घेताना

भुईमूग शेंगेला व मका दाण्याला आला की रानडुकरांमुळे शेतकऱ्याची झोप उडते. माळ्यावर बसून डबे वाजविणे, गोफण चालविणे, शेकोटी पेटविणे हे उपाय सर्वांच्या परिचयाचे आहेत. आता अंधारात पाहावयाच्या दुर्बिणी बाजारात मिळू लागल्या असून पुष्कळ शेतकरी बंधू त्यांविषयी चौकशी करतात. अशी दुर्बीण उपयोगी आहे, परंतु ती राखणीचे साधन म्हणून घ्यावी, शिकारीचे म्हणून नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाजारातील कित्येक नमुने परदेशी शिकाऱ्यांच्या गरजा पाहून बनविलेले असतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात पिकांचा नाश करणारी रानटी डुकरे खाजगी जमिनीत, मालकाच्या संमतीने, रात्रीही मारता येतात. २०१९ पासून त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये शिकारीस बंदी आहे. उभ्या पिकास उपद्रव देणारे डुकर मारावयाचे झाले तरी अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. तेव्हा तिकडील जाहिरातीतील गुणवर्णन इकडच्या बांधावर लागू पडेलच असे नाही.

या दुर्बिणी मुख्यतः दोन जातींच्या. नाइट व्हिजन दुर्बीण अंधुक प्रकाश वाढवून दाखविते, किंवा स्वतःजवळच्या दिव्यातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडून त्यांच्या उजेडात पाहते. तिच्यातून आकृती ओळखू येते, पण पिकात दबलेले जनावर चटकन नजरेत भरत नाही. थर्मल दुर्बिणीस मुळी प्रकाशच लागत नाही. जनावराच्या अंगातील उष्णता तिला दिसते व काळोख्या रानात ते उजळ ठिपक्यासारखे उठून दिसते. हुडकून काढण्याच्या कामी हीच सरस.

मात्र थर्मल दुर्बीण पानांच्या आरपार पाहते हा समज चुकीचा आहे. उभ्या उसात शिरलेले डुकर तिला दिसणार नाही. बांधावर, वाटेवर किंवा बुटक्या पिकात असेल तरच दिसेल. काचेतूनही ती पाहू शकत नाही, म्हणून खोलीच्या बंद खिडकीत बसून राखण होत नाही. उन्हाळ्यात दगडधोंडे व बांध दिवसभर तापलेले असल्याने संध्याकाळी चित्र गढूळ येते व पहाटे ते स्वच्छ होते. दाट धुक्यात व पावसात तिची नजर कमी पडते, आणि खरिपात नेमकी तेव्हाच गरज असते.

विक्रेता सांगतो, “दीड हजार मीटरवरचे दिसते.” दिसते म्हणजे काहीतरी गरम आहे एवढेच कळते. ३८४ × २८८ ठिपक्यांचा, १२ मायक्रॉनचा संवेदक व २५ मिलिमीटरचे भिंग असलेली दुर्बीण घेतली, तर ५०० मीटरवर तिचा एक ठिपका सुमारे २४ सेंटिमीटर जागा व्यापतो. सव्वा मीटर लांबीचे डुकर तेथे पाच ठिपक्यांचे होते. वाकून पाण्याला बारे देणारा माणूसही तसाच दिसेल! कृषिपंपांना दिवसा वीज देण्याच्या योजना सुरू असल्या तरी अद्याप अनेक गावी रात्रीच्या पाळीने पाणी द्यावे लागते. रात्री दोन वाजता शेजारच्या शेतात हलणारा ठिपका बहुधा शेजारीच असतो. अशा ठिपक्यावर बंदूक रोखण्याचा विचारही कोणी मनात आणू नये.

खात्री करावयाची ती चांगल्या बॅटरीने. बिबट्या, कुत्रा, चितळ किंवा गायबैल यांचे डोळे उजेडात चमकतात. डुकराचे तसे चमकत नाहीत आणि माणसाचेही नाहीत. म्हणून डोळे चमकले नाहीत तर आधी हाक द्यावी. चमकले तर बिबट्या असू शकतो असे धरून जागच्या जागी थांबावे; हाकलण्यास पुढे जाऊ नये.

निवड करताना मोठ्या भिंगाचा मोह धरू नये. वरील २५ मिलिमीटरच्या भिंगातून १०० मीटरवर जेमतेम १८ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. त्याच संवेदकावर १० मिलिमीटरचे भिंग असेल तर ४६ मीटरचा. दोन-चार एकरांच्या राखणदारास रुंद नजर हवी, लांब नव्हे. बंदुकीवर बसवावयाचा नमुना सोडून हातात धरावयाचाच घ्यावा. बॅटरी बदलता येते की नाही व दुरुस्ती कोठे होते, हेही विचारावे.

किंमत एकट्यास पेलण्यासारखी नसल्याने शेजारच्या आठ-दहा खातेदारांनी मिळून एक घेणे बरे. ज्याची पाळी त्याच्या हाती ती राहावी, आणि कळप दिसताच इतरांस फोनवर कळवून बॅटऱ्या व डबे घेऊन सर्वांनी एकदम आवाज करावा. पैशाची सोय नसेल तर चांगली बॅटरी आधी घ्यावी. दुर्बीण पुढील हंगामापर्यंत थांबू शकते. कुंपणात विजेचा उघडा प्रवाह सोडण्याच्या घातकी प्रकाराचा तर येथे विचारच नको. त्याने जनावरांप्रमाणे माणसेही मेली आहेत.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यास एका सायंकाळी शेतावर बोलवावे. घरच्या माणसास १०० व ३०० पावलांवर पिकात बसवून दुर्बिणीतून स्वतः पाहावे, आणि शक्य तर पहाटे पुन्हा पाहावे. दुकानातील पडद्यावरचे चित्र पाहून सौदा करू नये.