कल्हई

गेल्या भाऊबीजेला पुण्याला बहिणीकडे गेलो, तर ओवाळणी राहिली बाजूला, तिने आधी एक पितळेचे पातेले माझ्या हातात ठेवले. कल्हईवाले हल्ली दारावर येत नाहीत. दोन गल्ल्या पलीकडे एकजण बसतो, तिथून कल्हई करून आण, अशी आज्ञा झाली. गेलो. नवसागराचा नाकात शिरणारा धूर आणि तापल्या पितळेवर कापसाच्या बोळ्यासरशी पसरत जाणारे ते रुपेरी कथील! पाहत उभा राहिलो, तो तासभर कसा गेला कळले नाही.

परत आलो तर भाचा पानावर बसला होता, पण लक्ष घड्याळाकडे. तो मुलामा देण्याच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. हायड्रोजन वायूच्या यंत्रसामग्रीसाठी मोठ्या पोलादी बोल्टांची मागणी होती. दुपारी बारा वाजता त्यांवर जस्ताचा मुलामा चढून झाला. मालमोटार दारात उभी. मालक म्हणत होते, भट्टीत घालायचे राहू दे, तसाच माल पाठव आणि कागदावर ‘भट्टी दिली’ असे लिही. कागदावर सही भाच्याची.

“मामा, काय करू?”

मी म्हटले, “अरे, मुलामा चढला ना? चकचकीत दिसतंय ना? मग सणासुदीला मालकाशी वाद कशाला?”

त्याने माझ्या हातातल्या पातेल्याकडे पाहिले. “मामा, या कल्हईनं आमटी कळकत नाही. आमचा मुलामा मात्र बोल्टाच्या पोटात विष घालतो.”

मग वरण-भात निवेपर्यंत त्याने मला जे सांगितले, ते या सदराच्या वाचकांना सांगावेसे वाटते. जस्त चढवण्याआधी बोल्ट आम्लात धुतात, मग द्रावात ठेवून वीज सोडतात. दोन्ही वेळा हायड्रोजन सुटतो. त्याचा अणू सर्वांत लहान. काही अणू सरळ पोलादात शिरतात. मऊ लोखंडाला त्याचे फारसे सोयरसुतक नसते, पण पोलाद जितके कणखर, तितके ते ठिसूळ होते. आणि खोड अशी, की बोल्ट आवळताना मोडत नाही. ताणाखाली काही तासांनी, कधी काही दिवसांनी, अचानक तुटतो. म्हणून मुलामा झाल्यापासून चार तासांच्या आत बोल्ट सुमारे 200 अंशांच्या भट्टीत घालून तासन्‌तास ठेवतात. आत शिरलेला पाहुणा बाहेर निघून जातो.

ही गोष्ट नवी नाही. 1875 साली विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडले होते. आम्लात बुडवलेली तार चटकन मोडते, मोडलेली जागा ओली केली तर तिथून बुडबुडे येतात, आणि तार तशीच काही दिवस ठेवली तर पुन्हा चिवट होते! इतके जुने ज्ञान, तरी 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर तीन इंच जाडीचे, जस्त चढवलेले 96 दांडे आवळले, तर काही दिवसांतच 32 तुटले. अतिकठीण पोलाद आणि दांड्यांच्या भोकांत साचलेले पाणी. चौकशीत नाव निघाले हायड्रोजनचे.

“पूल पाण्यावर उभा असतो,” भाचा म्हणाला, “पण आमचे बोल्ट त्याच वायूच्या शेजारी बसणार.” हा वायू हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत मिसळला तरी पेट घेतो, आणि दिवसा त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. 2019 च्या जूनमध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळ हायड्रोजन भरण्याच्या ठिकाणी स्फोट झाला, त्याचे मूळ टाकीच्या एका झाकणाचे बोल्ट नीट न आवळल्यात सापडले. धातू चांगला होता, हात चुकला.

मी मुंबईकर, म्हटले, “आमच्याकडे 1865 पासून रस्त्यावरचे दिवे कोळशाच्या गॅसवर जळत. त्यातही हायड्रोजनच ना?” “निम्माअर्धा होता,” तो म्हणाला, “पण दाब किती होता? आता मोटारीच्या टाकीत वातावरणाच्या 700 पट दाब असतो.” म्हणून तिथे पोलादाऐवजी प्लॅस्टिकचे अस्तर आणि त्यावर कार्बनच्या धाग्यांचे वेटोळे. झडपांना निकेल भरपूर असलेले स्टेनलेस स्टील, लांब नळांना मुद्दाम मऊसर पोलाद. ‘सर्वांत मजबूत ते सर्वांत चांगले’ हा आपला बाजारातला हिशेब इथे उलटा! अॅल्युमिनाच्या पातळ थराने वायू चांगला अडतो, पण थराला एक चीर पडली की तिथूनच तो वाट काढतो. नळाला बाहेरून लावलेला गंजरोधक रंग बाहेरच्या ओलीपासून वाचवतो. आतल्या वायूशी त्याचा संबंध नाही. हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. रंग म्हणजे रंग, असेच मी धरून चाललो होतो.

तीन वाजायला आले होते. भाच्याने हात धुतले आणि चप्पल घातली. ताई म्हणाली, “अरे, ओवाळायचं राहिलंय!” “दादाला उशीर होऊ दे,” धाकटी म्हणाली, “मी थांबते.”

रात्री नऊ वाजता चकल्यांचा डबा घेऊन मीच कारखान्यात गेलो. मालमोटारीचा चालक टपावर झोपला होता. मालक नव्हते, रागावून घरी गेले होते म्हणे. भट्टीच्या तबकडीवर काटा 200 वर होता, आणि भाचा खुर्ची टाकून तिच्यासमोर बसला होता. सहीचा कागद खिशात तसाच कोरा होता. मी डबा उघडला, दोघांनी चकल्या खाल्ल्या. पहाटे चार वाजता धाकटीने फोन केला, की निरांजनात तेल तिसऱ्यांदा घातलंय.