चतुर्थीनंतरचे घर

गणपती पाण्यात गेले की मालवण किनाऱ्यावरची घरे पुन्हा रिती होतात. चाकरमानी कुडाळ-कणकवलीहून मुंबईची गाडी धरतात आणि आचऱ्यापासून देवबागपर्यंतच्या वाड्यांत उरतात ती वृद्ध माणसे. २००१ साली सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती १९ हजारांनी घटली. देश वाढत असताना हा जिल्हा ओसरत होता. हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया, हा आकडाही रोजगारासाठी बाहेर पडलेल्या पुरुषांचीच कथा सांगतो.

अशा घरातल्या सत्तरीच्या आजीचे आरोग्य कशावर ठरते? रक्तदाब आणि मधुमेह आहेतच. देशातील ज्येष्ठांच्या २०१७-१८ च्या व्यापक पाहणीत साठीपुढील जवळजवळ दर तिसऱ्या व्यक्तीस रक्तदाबाचे निदान झालेले आढळले. त्यात आपल्याकडे पावसाळाभर पेजेसोबत खारवलेली सुकी मासळी! पण गोष्ट येथे संपत नाही. परसातले शौचालय, शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, आषाढातली रात्र आणि गेलेली वीज. एकदा पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, की देवळातले भजन सुटते, बाजार सुटतो, शेजारणीकडचे जाणे सुटते. मग औषधे चालू असतात, पण जगण्याची उमेद हरपते. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० च्या दशकात जीवनमानाची व्याख्या करताना माणसाची संस्कृती आणि मूल्ये विचारात घेतली. आपल्या समाजाला ते कोणी शिकवावयास नको होते.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येकास, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारतचे संरक्षण मिळाले. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. एरवी गंभीर रुग्णाला गोव्यातील बांबोळीचाच रस्ता होता. मात्र ही योजना रुग्णालयातील खाटेचा खर्च देते. रोजची गोळी, महिन्याचा तपास आणि सोबत जाणारे माणूस ती कोठून देणार?

पाश्चात्त्यांच्या वृद्धाश्रमांवर टीका करताना आपण कुटुंबव्यवस्थेचा अभिमान मिरवतो. तो रास्त आहे. परंतु कुलूप लावलेल्या माजघराकडे पाहताना त्याचा उच्चार जरा हळूच करावा. यात मुलांना कृतघ्न ठरविण्याचे कारण नाही. मुंबईच्या खोलीत आईवडिलांना जागा नसते आणि तुळशीवृंदावन सोडून जाण्याची त्यांचीही इच्छा नसते. २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांपुढे निर्वाहखर्च मागता येतो, पण पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करणारी आई कोकणात विरळाच.

तेव्हा वाडीनेच कुटुंब व्हावे. मुंबईतील आपली ग्रामस्थ मंडळे मंदिरांच्या जीर्णोद्धारासाठी लाखोंच्या देणग्या उभारतात, आणि ते उचितच आहे. त्यातला दहावा हिस्सा वृद्धांच्या घरात शौचालय आणि पायऱ्यांना कठडा बांधण्यासाठी का नसावा? गावातील स्वयंसेवकांनी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी, रक्तदाबमापक घेऊन पंधरवड्यातून एकदा ओटीवर बसावे, ओरोसला नेण्याची पाळी लावावी. भजनाला ज्यांना चालत येता येत नाही, त्यांच्या अंगणात भजन न्यावे. आंगणेवाडीच्या जत्रेला मंडळी पुन्हा गावी येतील. त्या वेळच्या बैठकीत सभामंडपाच्या हिशोबाआधी ही यादी वाचली जावी.