प्रमुखांच्या फाइलीला एक पान जोडा
संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



सेनादलाच्या नव्या प्रमुखाचे नाव ठरते तेव्हा अखेरचा शब्द आपला नसतो. तो मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीचा, म्हणजे पंतप्रधान आणि गृहमंत्र्यांचा असतो. पण प्रस्ताव निघतो आपल्या मंत्रालयातून, आणि संसदेत कुणी विचारलेच तर उत्तराला उभे राहायचे आपणच. म्हणून पत्र आपल्या नावे.

आधीच सांगून टाकतो, ज्येष्ठाला डावलले की लोकशाही बुडाली अशी ओरड करणाऱ्यांतला मी नाही. प्रमुख निवडण्याचा अधिकार निवडून आलेल्या सरकारचा आहे आणि तो तिथेच राहावा. तो कसा वापरावा, हा मुद्दा आहे. शेजारी पाकिस्तानात पंतप्रधान भुट्टोंनी १९७६ मध्ये कित्येक ज्येष्ठांना मागे सारून झिया-उल-हक यांना लष्करप्रमुख केले. माणूस नम्र, आपल्या शब्दाबाहेर न जाणारा वाटला. पुढच्याच वर्षी त्या नम्र माणसाने सत्ता घेतली आणि १९७९ मध्ये भुट्टो फासावर गेले. आपल्याकडे असे काही झाले नाही, होईल असेही वाटत नाही. आपले दुखणे वेगळे आहे, आणि ते समजायला कोल्हापूरकडच्या एका सेनानीची गोष्ट पुरेशी आहे.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत डीएसओ हे शौर्यपदक मिळवलेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व विभागाचे प्रमुख. तेव्हा त्या विभागाचे मुख्यालय लखनौला होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या, म्हणजे तेव्हाच्या नेफाच्या, बचावाचे टिपण तयार केले. चीन हल्ला करू शकतो हे गृहीत धरून त्यात सांगितले होते की अगदी सीमेला चिकटून चौक्या उभारून त्या लढवता येणार नाहीत. खरा बचाव मागच्या, रस्त्याने रसद पोचेल अशा ठाण्यांवरून करावा लागेल. मार्च १९६० मध्ये ‘लाल किला’ नावाच्या सरावात त्यांनी हे सारे नकाशावर मांडून दाखवले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ही भीती अवाजवी वाटली. टिपण बासनात गेले.

त्याच १९५९ मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला होता. मेनन यांच्याशी खटके उडतच होते, त्यात बढत्यांचा विषय होता आणि बढत्यांमध्ये बी. एम. कौल हे नाव होते. नेहरूंनी समजूत घालून राजीनामा मागे घ्यायला लावला आणि नंतर संसदेत सगळा प्रकार स्वभावातल्या मतभेदांचा म्हणून किरकोळीत काढला. थिमय्या निवृत्त होताना त्यांच्या मनात थोरातांचे नाव होते. नेमणूक झाली प्राणनाथ थापर यांची. ज्येष्ठतेच्या हिशेबात ती चुकीचीही नव्हती! नियमाकडे बोट दाखवून हवे ते करून घेता येते, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. थापर यांच्या पाठोपाठ कौल जनरल स्टाफचे प्रमुख झाले.

कौल नालायक होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. माणूस कामाचा उरक असलेला होता. अंबाल्याला चौथी डिव्हिजन त्यांच्या हाताखाली असताना जवानांच्याच श्रमातून त्यांनी घरे उभी करून दाखवली. मात्र लढाईत त्यांनी कधी पलटणीचे नेतृत्व केले नव्हते, आणि पंतप्रधानांच्या घरी त्यांची थेट ऊठबस होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये चिन्यांना हुसकावून लावण्यासाठी नवी चौथी कोअर उभी करून तिची सूत्रे त्यांच्याकडेच देण्यात आली. उंचीवर ते आजारी पडले, दिल्लीला आणले गेले, आणि तिथून अंथरुणावरून त्यांनी सीमेवरची लढाई चालवली. नेफातल्या नामका चू नदीच्या काठी ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांची सातवी ब्रिगेड २० ऑक्टोबरला चिरडली गेली. दळवी युद्धकैदी झाले. काही आठवड्यांत मेनन गेले, थापर गेले, कौलही गेले. निवृत्त थोरातांना नेहरूंनी बोलावून घेतले. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिल्याप्रमाणे, त्यांचे १९५९ चे टिपण पंतप्रधानांपर्यंत पोचलेलेच नव्हते.

साहेब, इथे थोडे थांबा. थोरात प्रमुख झाले असते तर युद्ध जिंकले असते असा माझा दावा नाही. पैसा नव्हता, रस्ते नव्हते, थंडीचे कपडेसुद्धा धड नव्हते. पण ‘हे जमणार नाही’ असे तोंडावर सांगणारा माणूस निर्णय होत होते त्या खोलीत राहिला नव्हता. सॅम माणेकशांची तर त्याच काळात चौकशी लावली होती. त्यातून ते निर्दोष सुटले, पण बाकीच्यांना जो धडा मिळायचा तो मिळालाच.

डावलल्या गेलेल्या अधिकाऱ्याचे नुकसान मर्यादित असते. तो घरी जातो, गोल्फ खेळतो, फार तर आत्मचरित्र लिहितो. खरा परिणाम होतो तो खाली रांगेत उभ्या असलेल्या ब्रिगेडियर आणि मेजर जनरल मंडळींवर. वर कोण गेले, का गेले, याचा अर्थ ते आपापल्या परीने लावतात. कारण कागदावर नसेल तर मेसमधल्या गप्पा कारण पुरवतात, आणि त्या गप्पांत गुणवत्तेपेक्षा ओळखीपाळखीचाच भाव जास्त असतो.

२१ नोव्हेंबर १९६२ ला यशवंतराव चव्हाणांनी आपल्या या खात्याचा ताबा घेतला. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आम्ही मराठी माणसे इतके घोळवतो की त्यांनी तिथे नेमके केले काय, हे सांगायचे राहूनच जाते. १ सप्टेंबर १९६५ ची संध्याकाळ घ्या. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसलेले. लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग मंत्र्यांच्या दालनात आले. विमाने वापरायची परवानगी हवी होती. मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्याइतका वेळ नव्हता. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि उजेड मावळायच्या आत पठाणकोटहून विमाने उडाली. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर विमाने गमवावी लागली, हेही सांगायला हवे. पण निर्णय मंत्र्याचा आणि लढाई कशी करायची ते सेनापतीचे, ही वाटणी दोन्ही बाजूंना ठाऊक होती.

त्यानंतर ही वाटणी नेमणुकांच्या निमित्ताने अधूनमधून धूसर होत राहिली. जनरल बेवूर यांना १९७० च्या दशकात वर्षभराची मुदतवाढ मिळाली आणि त्यात प्रेमिंद्रसिंग भगत यांची संधी हुकली. १९६२ च्या पराभवाचा अहवाल हेंडरसन ब्रुक्स यांच्यासोबत लिहिणारे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले तेच हे भगत. १९८३ मध्ये उपप्रमुख एस. के. सिन्हा यांना मागे ठेवून अलिबागला जन्मलेले अरुणकुमार वैद्य प्रमुख झाले. वैद्यांच्या छातीवर दोन महावीर चक्रे होती. त्यांच्या पात्रतेबद्दल कोण शंका घेणार? तरी सिन्हांना का वगळले, ते सरकारने नीट सांगितले नाही आणि सिन्हा राजीनामा देऊन मोकळे झाले. २०१६ मध्ये मनोहर पर्रीकर आपल्या जागी असताना बिपिन रावत यांची निवड झाली. पूर्व विभागाचे प्रवीण बक्षी आणि पुण्याला बसणारे दक्षिण विभागाचे पी. एम. हारिझ असे दोघे ज्येष्ठ मागे राहिले. दहशतवादविरोधी मोहिमांचा आणि उत्तर सीमेचा अनुभव, असे कारण बाहेर सांगितले गेले. कारण म्हणून ते चांगलेच होते. मग तेच सहीनिशी लिहून संसदेपुढे ठेवायला अडचण कसली होती?

नुसती ज्येष्ठताच धरावी म्हणाल तर त्यातही राम नाही. व्ही. के. सिंग यांचा जन्म १९५० चा की १९५१ चा, यावर लष्करप्रमुख विरुद्ध सरकार असा वाद २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वयाच्या ६२ व्या वर्षी किंवा तीन वर्षांनी निवृत्ती, जे आधी येईल ते, असा नियम असल्यावर पुढचे दोन-तीन प्रमुख कोण, हे जन्मतारखांची बेरीज-वजाबाकी करून वर्तमानपत्रवालेही सांगू शकतात. यात निवड कुठे आली?

सीडीएसचे, म्हणजे तिन्ही दलांच्या संयुक्त प्रमुखाचे, पद घ्या. तिन्ही दलांची मिळून थिएटर कमांड उभारणे हे त्या पदाचे मुख्य काम. डिसेंबर २०२१ मध्ये सीडीएस असलेले रावत अपघातात गेले आणि ही खुर्ची सप्टेंबर २०२२ च्या अखेरपर्यंत रिकामी राहिली. मधे जूनमध्ये नियम बदलून ६२ वर्षांखालचे निवृत्त लेफ्टनंट जनरलही पात्र ठरवले गेले आणि पुढे तशीच नेमणूक झाली. अनिल चौहान यांच्या योग्यतेवर माझा आक्षेप नाही. आधी नियम आणि मग माणूस, की आधी माणूस आणि मग नियम, हे आम्हाला कळायला मार्ग नाही, एवढेच. मे २०२४ मध्ये नागपूरच्या जनरल मनोज पांडे यांना महिन्याची मुदतवाढ मिळाली, तीही निवृत्तीला आठवडा उरला नसताना, ऐन निवडणुकीत. शेवटी सर्वांत ज्येष्ठ असलेल्या उपेंद्र द्विवेदींचीच निवड झाली. तेवढ्या काळात तर्कांचे किती पतंग उडवले गेले ते आपण पाहिलेच असेल.

माझे मागणे फार मोठे नाही. पुढच्या प्रमुखाची फाइल जाईल तेव्हा तिला एक पान जोडा: कोणकोणाचा विचार झाला, कोणत्या कसोट्या लावल्या, आणि ज्येष्ठाला वगळले असेल तर का. ते पान जगजाहीर करू नका. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीपुढे, बंद दाराआड, विरोधी खासदारांच्या हातात पडेल एवढे बघा. आणि पात्रतेचा नियम खुर्ची रिकामी असताना बदलू नका. बदलायचाच तर खुर्चीत माणूस बसलेला असताना बदला.

निवृत्त प्रमुखांनी वर्दी उतरवल्यावर किती वर्षे राजकीय पक्षापासून आणि राज्यपालपदापासून लांब राहावे, तेही एकदा ठरवून टाका. खासगी कंपनीची नोकरी वर्षभराच्या आत धरायची तर सरकारची परवानगी लागते. पक्षाला अशी अट नाही. ही सोय यूपीएच्या काळात वापरली गेली आणि एनडीएच्याही, त्यामुळे ती बंद करण्यात कोणा एका पक्षाचा पराभव नाही.

राहता राहिला हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल. १९६३ पासून तो आपल्याच मंत्रालयाच्या कपाटात आहे. त्यातला बराच भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने इंटरनेटवर टाकला आणि जगाने तो वाचलाही. सरकारदरबारी मात्र तो अजून गोपनीयच. मेनन नाहीत, थापर नाहीत, कौल नाहीत, थोरातही १९९२ मध्ये गेले. आता तो नक्की कोणापासून लपवायचा आहे, एवढे तरी कळवावे.

आपला,
कोल्हापूरचा एक पत्रलेखक