पॉइंटच्या मागचे गाव

लक्ष्मीपूजनाच्या पणत्या विझून दिवस उजाडला की नागपूरच्या अमरावती रोडला गाड्यांची रीघ लागते. डिकीत चकली-चिवड्याचे डबे, मागच्या सीटवर पेंगणारी पोरे आणि एखाद्या गाडीत (संपादकाने एवढी आशा बाळगायला हरकत नसावी) नुकताच हाती आलेला दिवाळी अंक. कोंढाळी मागे पडते, अमरावतीला नाश्ता होतो, परतवाडा ओलांडले की घाट लागतो. वर पोचल्यावर हॉटेलच्या काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला : इथे पॉइंट किती? भीमकुंड, देवी पॉइंट, हरिकेन, गोराघाट, वैराट अशी बोटे मोजून यादी सांगितली जाते. दीड दिवसात ती उरकायची आणि खाली उतरायचे.

चिखलदऱ्यात माणसेही राहतात, हे त्या यादीत कुठे येत नाही.

विदर्भाच्या वाट्याला थंड हवेचे ठिकाण एकच आले, यात भूगोलाइतकाच इतिहासाचा हात आहे. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताचे सरकार उन्हाळा लागला की नागपूर सोडून पचमढीला जाऊन बसे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. हाताशी उरले ते वऱ्हाडचे चिखलदरा. 1823 मध्ये हैदराबाद फौजेच्या कॅप्टन रॉबिन्सनने ते इंग्रजांच्या नजरेस आणले, पुढे तिथे कॉफी लागली. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती ही कीचकदरा, ही कथा त्याहून कितीतरी जुनी. मे महिन्यात 45 अंशांत भाजून निघणारा अख्खा मैदानी मुलूख आज या एका पठाराकडे डोळे लावून असतो. पठारावरच्या गावाची लोकसंख्या मात्र 2011 च्या जनगणनेत जेमतेम पाच हजारांच्या आसपास होती.

एवढ्याशा गावाच्या नियोजनाचे काम राज्य सरकारने सिडको या आपल्या नियोजन महामंडळाकडे सोपवले. चिखलदऱ्याबरोबर शहापूर, आलाडोह, मोथा आणि लवादा ही गावे धरून सुमारे 1,900 हेक्टरांचा हा पट्टा आहे. त्यातले सर्वांत गाजलेले काम म्हणजे गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा दरीवरून जाणारा काचेचा स्कायवॉक. लांबी 407 मीटर. स्वित्झर्लंडचा 397 मीटरांचा, चीनचा 360 मीटरांचा, म्हणजे आपला सर्वांत लांब, हा हिशेब एव्हाना विदर्भातल्या शाळकरी पोरालाही पाठ झाला असेल. परवानग्यांच्या फेऱ्यात हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, कारण पठाराच्या भोवती सगळीकडे मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प आहे. 1973-74 मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यांतला हा एक.

मीटर कुणी मोजायचे ते मोजोत. मोथ्याच्या गवळ्याच्या घरचा प्रश्न मीटरांचा नाही. रस्त्यालगत ज्याचे दोन एकर आहेत, त्याला तिथे चार खोल्या काढून पर्यटक ठेवायचे आहेत आणि परवानगीचा कागद कोणत्या टेबलावर अडला ते हवे आहे. ज्याचे पोट म्हशींवर आहे, त्याला चराईची चिंता. खव्याच्या भट्टीला लाकूड लागते आणि जंगल वनखात्याचे. गावात सोडाच, एकाच घरातल्या दोन भावांत या प्रश्नांवर एकमत होणे कठीण. ‘विकास हवा की पर्यावरण’ असा सवाल करून नागपुरात परिसंवाद छान रंगतो. घाटावर मात्र प्रत्येकाला थोडा विकास आणि थोडे जंगल हवे असते, आणि नेमके कोणते थोडे यावरून भांडण असते.

हेच भांडण राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रायगड जिल्ह्यातल्या माथेरानला पुष्कळ मोठ्या आवाजात चालू आहे. ते नागपूरकरांनी नीट ऐकावे असे आहे.

माथेरान 1850 मध्ये ठाण्याच्या कलेक्टरने, ह्यू मॅलेटने, शोधले. 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडी वर आली. 4 फेब्रुवारी 2003 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने गाव आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र ठरला. मोटारी दस्तुरी नाक्याशी थांबतात. तिथून बाजारापर्यंत तांबड्या मातीचा तीनेक किलोमीटरचा रस्ता, आणि गावाचे सगळे राजकारण त्या रस्त्यावर. माणूस आणि सामान वर कुणी न्यायचे, त्याचे पैसे कुणाला मिळायचे, यावर माथेरानचे घर चालते. साडेचारशेच्या वर घोडे आहेत, हमाल आहेत, अमन लॉजहून सुटणारी शटल आहे, आणि 94 परवान्यांच्या हातरिक्षा.

ती हातरिक्षा एकदा जवळून पाहावी. एक माणूस पुढे दांडीत, दोघे मागे. चढावर मागचे दोघे ढकलतात, उतारावर तेच दोघे अंग मागे टाकून गाडी धरून ठेवतात. पोटऱ्यांपर्यंत लाल धूळ. आत बसलेला बहुधा गुडघ्याने अधू म्हातारा असतो, किंवा हौशी जोडपे. ई-रिक्षा मिळावी म्हणून हातरिक्षा ओढणाऱ्यांचीच संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मे 2022 मध्ये प्रयोग म्हणून परवानगी मिळाली आणि त्याच वर्षीच्या 5 डिसेंबरला सात ई-रिक्षा धावू लागल्या. तेव्हा पर्यटकाला 35 रुपये, शाळेच्या पोरांना 5 रुपये. दप्तर पाठीला लावून रोज तो रस्ता तुडवणाऱ्या पोरांच्या आयांचे मत काय झाले असेल, हे सांगायला सर्वेक्षण नको.

पण ई-रिक्षा लाल चिखलात चालत नाही. तिला टणक रस्ता हवा, म्हणून मातीचे पेव्हर ब्लॉक आले. आणि घोडेवाले उठले. पावसात त्या ब्लॉकवरून नाल ठोकलेला खूर घसरतो, घोडा पडतो, वरचा माणूस पडतो. ब्लॉक हवेत म्हणणारा सांगतो, माती वाहून जाऊन पडलेल्या घळीत माणसे पाय मुरगाळून घेतात, रुग्णाला खाली न्यायचे कसे? दोघेही सुरक्षिततेचीच भाषा बोलतात आणि दोघेही खरे बोलतात. एकाच फरशीवर एकाचा पाय ठरतो आणि दुसऱ्याच्या जनावराचा सुटतो. अशा वादात ‘स्थानिकांचे म्हणणे काय’ असे एकवचनात विचारणाऱ्याने आधी दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत एकदा पायी चालून यावे.

2025 च्या 18 मार्चला तर माथेरानने स्वतःलाच कुलूप लावले. नाक्यावर पर्यटकांना खोटी माहिती देऊन, गाडी नाही, दुसरी सोय नाही असे सांगून घोड्यावर बसवले जाते आणि लुबाडले जाते, या तक्रारीवरून पर्यटन बचाव संघर्ष समितीने बेमुदत बंद पुकारला. गिऱ्हाइकावर जगणाऱ्या गावाने गिऱ्हाईक वाचवायला दुकानांची दारे लोटून घ्यावीत, हे दृश्य महाराष्ट्रात सहसा दिसत नाही.

घरांची कहाणी याहून अवघड आहे. भूखंड पुष्कळसे भाडेपट्ट्याचे, वर 2003 पासून बांधकामावर कडक बंधने. कुटुंबे त्यानंतरही वाढत राहिली. घरात दोन सुना आल्या, खोली वाढवायची कुठे? काहींनी न विचारता वाढवली आणि हरित लवादाने अनधिकृत बांधकामे पाडायला सांगितल्यावर हातोड्याची धास्ती घेतली. यात सगळेच बिचारे नव्हते, हेही सांगायला हवे. वाढवलेली खोली धाकट्याच्या लग्नासाठी की शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी, हे नकाशावरून कळत नाही. मात्र डोंगराला त्या बंधनांची गरज का आहे, ते 19 जुलै 2023 च्या रात्री त्याच डोंगरांच्या कुशीत दिसले. इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे सापडलीच नाहीत. ती ठाकर आदिवासींची वाडी होती, तिथे ना हॉटेल होते ना पॉइंट. वाचलेल्यांसाठी घरे बांधली सिडकोने. काचेच्या पुलावाली सिडको ती हीच.

6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितले. माणसाने माणसाला ओढणे घटनेत बसत नाही, आणि पंजाबातल्या रिक्षाओढ्यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने 1980 मध्ये दिलेल्या निकालाला 45 वर्षे झाली तरी हे चालू आहे, याची खंत निकालात आहे. गुजरातेतल्या केवडियाप्रमाणे ई-रिक्षा भाड्याने द्याव्यात, निधी नसल्याची सबब सरकारने सांगू नये. पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत चालतील, आतल्या वाटांवर नकोत. हा निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई. जन्म अमरावतीचा, वकिलीची पुष्कळ वर्षे नागपूर खंडपीठात. थंडी सरता सरता मुदत संपणार होती. तोवर दांडी धरणारे हात मोकळे होतील का आणि त्या हातांना हँडल मिळेल का, याकडे दस्तुरी नाक्यावरचे डोळे लागलेले होते.

पर्यटकांपायी गावाचे भांडण परदेशातही होते. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटने तळ्याकाठचे सुंदर दृश्य झाकायला 2023 मध्ये चक्क लाकडी कुंपण घातले होते. सेल्फीवाल्यांच्या गर्दीला कंटाळून. टीका झाली आणि कुंपण काढले, पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गावकरी पुन्हा रस्त्यावर उतरले. ते गाव आठशे माणसांचेही नाही आणि त्याचे गाऱ्हाणे जगाने ऐकले.

चिखलदऱ्याचे गाऱ्हाणे दोनशे तीस किलोमीटरवरच्या नागपुरात ऐकू येत नाही. माथेरानकडे संघटना आहेत, वकील आहेत, बंद पुकारायची सवय आहे. मुंबईची वर्तमानपत्रे तर पायथ्याशीच. चिखलदऱ्याच्या भोवतालच्या कोरकू आदिवासींकडे आणि गवळ्यांकडे यातले फारसे काही नाही. वैराटचेच घ्या. वैराट नावाचे गाव होते. व्याघ्र प्रकल्पासाठी ते उठवून दुसरीकडे वसवले. गाव गेले, वैराट पॉइंट राहिला, आणि सूर्यास्त बघायला नागपूरच्या गाड्या तिथे जातात. मेळघाटातून अकोल्याच्या बाजूला हलवलेल्या काही गावांची माणसे नव्या जागी जीव रमेना म्हणून जंगलात परतली, तेव्हा जानेवारी 2019 मध्ये त्यांची आणि वनखात्याच्या बंदोबस्ताची चकमक उडाली. त्या आठवड्यात ती बातमी झाली. वाघासाठी गाव उठवावे लागते हे एक वेळ पटते. त्याच वाघाच्या उंबरठ्यावर काचेचा पूल टाकायचा इतका अट्टहास का, हे त्या उठलेल्या माणसांना कुणी समजावले असेल, तर ते ऐकण्यासारखे असेल.

परतीच्या वाटेवर मोथ्याला गाड्या थांबतातच. काच खाली होते. पाव किलो खवा, दोन वाट्या रबडी. पोरे बोटे चाटतात, आई ओला रुमाल काढते, बाप पाकीट चाचपतो. ऊन कलायला अजून तासभर असतो. सुटे पैसे परत घेता घेता तो विचारतो, आणखी कुठला पॉइंट राहिला का हो? रबडीवाला मागे वळून वैराटच्या रस्त्याकडे हात करतो.