फुकटच्या जेवणावरून कंपनी पारखू नका

हिंजवडीत नव्याने लागलेल्या मुलाला विचारा, चांगली कंपनी कोणती? उत्तरात कॅन्टीन, बस, वर्क फ्रॉम होम आणि पगारवाढीचा टक्का येतो. कंपनीला विचाराल तर ती स्वागतकक्षातल्या भिंतीकडे बोट दाखवते: आमची मूल्यं तिथं लिहिली आहेत, वाचून घ्या.

भिंतीचं आधी पाहू. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेल्या एन्रॉनची चार मूल्यं होती: सचोटी, संवाद, आदर, उत्कृष्टता. डिसेंबर २००१ मध्ये हिशेबातल्या लबाडीसकट तिचं दिवाळं निघालं. नेटफ्लिक्सने आपल्या कार्यसंस्कृतीबद्दल २००९ मध्ये खुल्या केलेल्या स्लाइड्समध्ये हाच दाखला होता. कंपनीची खरी मूल्यं बढती कुणाला मिळते आणि नारळ कुणाला, यावरून कळतात, असा त्यांचा मुद्दा. तो मला मान्य आहे. कॅन्टीनबद्दल तर वादच नको. रात्री साडेनऊला मिळणारं फुकट जेवण साडेनऊपर्यंत थांबणाऱ्यांसाठीच असतं.

याहून वजनदार पूर्वपक्ष असा: कंपनी वाढते आहे, नफा आहे, म्हणजे संस्कृती चांगलीच असणार. उबर २०१७ पर्यंत सुसाट वाढत होती. त्या फेब्रुवारीत सुझन फाउलर या माजी इंजिनीअरने लिहिलं, की मॅनेजरने केलेल्या लैंगिक छळाची तक्रार एचआरकडे नेली, तेव्हा तो उत्तम कामगिरी करणारा आहे म्हणून त्याला समज देऊन सोडण्यात आलं. ‘कामाचा माणूस आहे, सांभाळून घ्या’ हे वाक्य आपल्या ऑफिसांतही अनेकांनी ऐकलेलं आहे. जूनमध्ये चौकशीनंतर वीसहून अधिक जणांना काढलं, सहसंस्थापक ट्रॅव्हिस कलानिक यांना सीईओपद सोडावं लागलं. वाढीच्या आकड्यांत यातलं काहीच दिसत नव्हतं.

मग पारखायचं कशावरून? माझं म्हणणं, वाईट बातमी वर जाताना तिचं आणि ती नेणाऱ्याचं काय होतं, यावरून. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनीअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड चालवली. क्षणभरात चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबी डेटातले जेमतेम साडेचार उरले होते. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, अहवाल जाहीर केला आणि त्यात त्या माणसाचं नाव घातलं नाही. बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती, हेही कबूल केलं. त्याच्याच हाताने सहा तासांपूर्वी सहज काढलेली एक प्रत होती, म्हणून निदान तोवरचा डेटा परत आला.

‘असं लाडावलं तर लोक बेफिकीर होतील’ हा आक्षेप हमखास येतो. त्या रात्री त्याला काढून टाकलं असतं तर बंद पडलेले बॅकअप चालू झाले असते का? बळीचा बकरा सापडला की चौकशी तिथंच थांबते. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात फुजित्सूच्या होरायझन प्रणालीतल्या चुकांमुळे हिशेबात खोटी तूट दिसायची. सॉफ्टवेअर बरोबरच आहे, हा हेका खात्याने वर्षानुवर्षं सोडला नाही. नऊशेहून अधिक पोस्टचालक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. सॉफ्टवेअरमधला दोष आतल्या काहींना ठाऊक होता. बेफिकिरी नेमकी कुठली म्हणायची?

दुसरा आक्षेप सर्व्हिस कंपन्यांतला: आमच्याकडे क्लायंट सांगेल ती पूर्वदिशा, हे चोचले प्रॉडक्ट कंपन्यांना परवडतात. उलट, निकषाची खरी गरज तिथंच. दर आठवड्याच्या स्टेटस रिपोर्टात प्रोजेक्ट हिरवा दाखवतात आणि आत सगळं लाल असतं, कलिंगडच ते. ज्युनिअरला रविवारीच दिसलेला लाल रंग क्लायंटला तीन महिन्यांनी कळतो. अप्रेझल तो रिपोर्ट देणाऱ्या मॅनेजरच्याच हातात, वर बेल कर्व आणि बेंचची भीती, मग ज्युनिअर तोंड उघडेल कशाला? मायक्रोसॉफ्टने बेल कर्वची अशी सक्तीची उतरंड २०१३ मध्ये मोडली. आपल्याकडे मात्र ती अनेकांना अजून शिस्त वाटते.

मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतात, तेव्हा सुट्ट्यांऐवजी विचारा: गेल्या वर्षी प्रॉडक्शनमध्ये सगळ्यात मोठा घोळ काय झाला, आणि तो आधी कुणी सांगितला? ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणाले, तर दुसरी ऑफर हातची सोडू नका. हसत हसत अर्धा तास तो घोळच सांगत बसले, तर पगार थोडा कमी असला तरी विचार करायला हरकत नाही.