फेफऱ्याची गोळी आणि बुडालेला रोज

फेफरे हा मेंदूचा आजार आहे. ते पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही आणि भूतबाधा तर नाहीच नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यांतील जवळजवळ ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. योग्य निदान व औषधोपचार मिळाले तर १०० पैकी ७० रुग्णांचे झटके थांबू शकतात, असेही हीच संघटना म्हणते. मग आपल्या वस्त्यांतील कर्ती माणसे आजही कामाच्या जागी का कोसळतात?

याचे उत्तर घरच्या मिळकतीत शोधावे लागेल. ही गोळी रोज, वर्षानुवर्षे, न चुकता घ्यावी लागते. गोळी चुकली की झटक्याचा धोका वाढतो. फिनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात आहे. ते महागही नाही. पण सरकारी दवाखान्यातला साठा संपला की मजुराला खिशात हात घालावा लागतो. तालुक्याला जायचे तर एसटीचे भाडे जाते आणि रोजही बुडतो. ऊसतोडीला सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्याने गोळ्या कुठून आणायच्या? अपुऱ्या झोपेने झटका येतो हे डॉक्टर सांगतात; पण रात्रपाळीवर ज्याची चूल पेटते त्याने झोपायचे केव्हा? पैसेवाला शहरातील तज्ज्ञाकडून औषध बदलून घेतो. गरिबाच्या वाट्याला तीच अर्धवट गोळी येते आणि वर मांत्रिकाचा अंगारा!

हे चक्र उलटेही फिरते. झटका आला की काम जाते, काम गेले की गोळी बंद होते आणि गोळी बंद झाली की पुन्हा झटका! म्हणूनच माणसे आजार लपवतात.

कायद्यानेही न्याय उशिराच दिला. फेफरे असणाऱ्याचा विवाह रद्दबातल ठरवण्याची वाट हिंदू विवाह कायद्यात होती. ती १९९९ साली बंद झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, पण त्यांत फेफऱ्याचे नाव नाही.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानाचे कलम ४७ सांगते. म्हणजे ही गोळी सरकारची मेहेरबानी नव्हे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ती बारमाही मिळाली पाहिजे. स्थलांतरित मजुराला एकदम तीन महिन्यांचा साठा आणि कुठल्याही जिल्ह्यात चालणारे कार्ड दिले पाहिजे. दिव्यांगांच्या यादीचाही फेरविचार झाला पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपापल्या केंद्रात जाऊन आधी एवढेच विचारावे : फेफऱ्याची गोळी आज शिल्लक आहे काय? नसेल तर मोर्च्याचा विषय ठरला!