चौथे वर्ष कशाला?

आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी परवा भेटायला आली. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गावातल्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात खारे का होते, हे तिला तपासायचे आहे. अब्बांचे म्हणणे, पदवी मिळते आहे, आता पुरे.

आम्ही घरी गेलो. सांगितले, २०२०च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची सोय केली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असले तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. स्वतःचा प्रकल्प करून प्रबंध लिहायचा. पुढे एम.एस्सी.शिवाय पीएच.डी.साठी अर्जही करता येतो. मात्र ही सोय प्रत्येक कॉलेजात नसते. आधी चौकशी करावी.

संशोधन म्हणजे प्रयोगशाळाच हवी असेही नाही. नानीच्या तोंडची लग्नगीते उतरवून त्यांतले शब्द तपासणे, जुने मोडी दस्त वाचणे, हेही संशोधनच. आणि वय आड येत नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवीचे शिक्षण घेत असतानाच पहिला शोधनिबंध लिहिला. १९८३ साली त्यांना नोबेल मिळाले.

"पण सर, यातून मिळणार काय?" अब्बांनी विचारले. आम्ही खरे तेच सांगितले: नोकरीची हमी नाही. पण ऐकीव गोष्ट पारखून घ्यायची सवय लागेल, ती जन्मभर पुरेल.

अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग लेकीला म्हणाले, "मशिदीजवळच्या विहिरीचं पाणी मे महिन्यातही गोड असतं. ते का, तेही बघ."